सूर्यातलं मीठ

सूर्य कशाचा केलेला आहे हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं, आणि तेही गॅसवरची डाळ उतू गेली म्हणून. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी सात महिन्यांनी पोटभर जेवलो. कुणाला हसू आलं तर हसा. मला आलं नव्हतं.

मी चौथी शिकलेला माणूस. उभा जन्म गुऱ्हाळावर गेला. गुऱ्हाळात नाव होतं ते गुळव्याचं. तो रस आटवायच्या काहिलीजवळ उभा राहतो, फेस बघतो, गूळ कधी उतरवायचा ते सांगतो. काहिलीखाली जमिनीत चुलवाण असतं, आणि चुलवाणापुढच्या खड्ड्यात बसून उसाची वाळलेली चिपाडं आत सारणारा माणूस कुणाच्या ध्यानातही नसतो. तो मी. गूळ चांगला झाला की गुळव्याचा हात चांगला, आणि करपला की चुलवाणावर बसलेला झोपला होता. असा न्याय.

पण जाळ मला कळायचा. हे मी माझ्या तोंडानं सांगतो, कारण दुसरं सांगणारं आता कुणी राहिलं नाही. लाल जाळ म्हणजे थंड जाळ. लोकांना लाल दिसला की भारी वाटतो, पण लाल जाळावर रस नुसता घाम धरतो. पिवळा झाला की उकळी. बुडाशी पांढरट झाला की काहील फुगून वर यायलाच पाहिजे. हे झालं तापाचं. शिवाय जाळात काय पडलंय त्याचा रंग वेगळा. एकदा मी भाकरी खाऊन परत आलो तर चुलवाणाच्या तोंडाशी जाळाला हिरवी कड. मी तिथूनच ओरडलो, "तांब्याची वायर कुणी टाकली रे?" मालकाचा मेव्हणा हसला, म्हणाला, "येडं लागलंय का, चिपाडं हायत की." मी काठीनं राख ओढली. मोटरीच्या वायंडिंगचं तांबं निघालं, वरचं वेष्टण जळून लखलखीत. शेजारच्या रानातली मोटर दोन दिवसांपूर्वी चोरीला गेली होती. त्या दिवसापासून गावात म्हण पडली की ह्याच्यापुढं जाळ खोटं बोलत नाही.

बायको चिडवायची. म्हणायची, "जाळाचं तोंड बघून पोटातलं सांगता, माझ्या तोंडाकडं बघून काय कळतंय का तुम्हाला?" मी म्हणायचो, "तुझ्यात चिपाडं न्हाईत." असलं बोलणं माझं. गोड बोलायला गूळ लागत नाही म्हणतात, आणि गुळात जन्म घालवून मला ते कधी जमलं नाही.

ती भाद्रपदात गेली. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी संपलं. मी जिवंत, म्हणजे ती सवाष्ण गेली. हिरवं लुगडं, हातभर चुडा, कपाळ कुंकवानं भरलेलं. बायका पाया पडून तिच्या कपाळाचं कुंकू स्वतःला लावून घेत होत्या. भाग्याचं मरण म्हणत होत्या. ते भाग्य कुणाचं हे मला कळेना.

आता मुद्द्याचं सांगतो. आमच्यात जाळत नाहीत. आमचे आजे-पणजे मेंढरं घेऊन फिरणारे, त्यांचं मागून चालत आलंय, माणूस रानातल्या कोपऱ्यात पुरायचं. खड्ड्यात खाली मीठ, वर मीठ, मग माती. मीठ घरधन्यानं आणायचं. म्हणून मी पहाटेच दुकान उघडायला लावलं, खडेमिठाचं पोतं खांद्यावर घेऊन आलो. तेवढं एक काम माझं होतं.

आणि रानात खड्डा काढायला गेलेली माणसं परत आली. म्हणाली, दोन हात खणलं की पाणी लागायलंय. तीन जागी बघितलं. त्या साली पाऊस तसाच होता, सगळा कोपरा पिचपिचत होता. वडीलधारी बसली. बाईला पाण्यात ठेवायचं का? शेवटी ठरलं, आपल्यातही आता लोक जाळायला लागलेत, ओढ्याच्या उंच काठावर सरण रचा. पोरानं मान हलवली. मला विचारलं तेव्हा मीही हलवली.

मीठ ओसरीवर तसंच राहिलं.

ते पोतं बघून माझं डोकं फिरलं असंल. चाळीस-पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला मी तिच्या वाटचं मीठसुद्धा देऊ नये? उद्या तिकडं सासू-सासरे विचारतील, तुला कोरडीच पाठवली का म्हणून. मी डोक्याचा टॉवेल सोडला, त्यात पाच-सहा ओंजळी खडेमीठ घेतलं, गाठ मारली. ओढ्यावर सरण रचताना लाकडं लावायच्या निमित्तानं पुढं झालो, आणि ते गाठोडं तिच्या पायाशी दोन लाकडांच्या मधी सारलं. सारायची सवय होतीच. कुणाला दिसलं नाही. कुणाला सांगितलंही नाही. विचारलं असतं तर कुणी म्हणालं असतं, पुरताना मीठ असतं, जाळताना नसतं. आणि मला नाही म्हणून घ्यायचं नव्हतं.

पोरानं अग्नी दिला तेव्हा दिवस कलला होता. जाळ आधी नीट लागला. लाल, मग पिवळा, धूर वर सरळ. आमच्यात बायकाही येतात, लांब उभ्या राहतात. थोड्या वेळानं पायाकडनं तडतड सुरू झाली. आणि जाळाचा रंग पालटला.

पिवळा जाळ मी लाख वेळा बघितलाय. हा तसला नव्हता. ह्यात लाल कुठंच नव्हतं. नुसता एकरंगी, डोळ्याला टोचणारा पिवळा. त्या उजेडात समोर उभ्या असलेल्या माणसांची तोंडं राखेसारखी झाली. माझ्या मेव्हण्याचं लाल पागोटं काळं दिसायला लागलं. ज्या बायकांनी तिचं कुंकू लावून घेतलं होतं त्यांच्या कपाळावर काळे ठिपके दिसत होते. मी माझ्या हाताकडं बघितलं, तो मेलेल्या माणसाचा हात होता.

"जाळ बघा की कसा पडलाय," कुणीतरी म्हणालं.

"लाकूड वल्लं असंल."

"वल्लं लाकूड धूर देतंय. हे वायलंच काय तरी हाय."

मग माझ्या बायकोची थोरली बहीण बोलली. तिला सगळं गाव अक्का म्हणतं, मीही. तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "जीव अडकलाय माझ्या बाईचा. काय तरी मनात ऱ्हायलंय. असा जाळ मी जन्मात बघितला न्हाई."

एक म्हातारा माझ्याकडं वळला. "अप्पा, तुम्ही जाळातले माणूस. हे काय हाय?"

आणि मी, ज्याच्यापुढं जाळ खोटं बोलत नव्हता, म्हणालो, "मला काय ठावं."

खरंच ठाऊक नव्हतं. चुलवाणावर मीठ कधी येऊ द्यायचे नाहीत. मिठाचा कण काहिलीत गेला की गूळ नासतो म्हणून जेवायलासुद्धा लांब बसवायचे. जन्मभर जाळाशी बसलो, पण जाळात मीठ पडल्यावर काय होतं ते कधी बघितलं नव्हतं. माझ्या मनात एवढंच आलं की मी पुरायचा रिवाज जाळायच्या रिवाजात घुसडला, आणि तिची वाट बंद केली. अक्का म्हणते तिचा जीव अडकला. अडकला असंल तर तो माझ्या गाठोड्यात अडकला.

त्यानंतरचे सात महिने सांगण्यासारखे नाहीत. पोरगा भालकीत भाड्याच्या घरात राहतो, मला तिकडं घेऊन आला. अक्कानं गुरुवार धरला. बहिणीचा जीव मोकळा व्हावा म्हणून दर गुरुवारी अळणी खायची, मिठाचा कण नाही. आणि पोराला सांगून ठेवलं, वर्ष व्हायच्या आत पाव्हण्यांना, म्हणजे मला, घेऊन गाणगापूरला जायचं, तिथं जीव सोडवायला काय करायचं ते करू. पोरगा हो म्हणाला.

मी रोज हिशेब करायचो, जीव अडकायला तिचं काय राहिलं होतं. आठवायला लागलं की थांबत नाही. तिला एकदा गाणगापूरला जायचं होतं, मी म्हणालो होतो, देव काय तिथंच बसलाय का. तिला पितळेचा मोठा हंडा घ्यायचा होता. तिला वाटायचं मी एकदा तरी म्हणावं की आज भाजी चांगली झाली. चाळीस वर्षांत मी "मीठ कमी हाय" एवढंच म्हणालो असंल. घास तोंडात फिरायचा. सूनबाई विचारायची, "मामा, जेवण आवडंना का?" मी म्हणायचो, "चांगलं हाय." सुनेला म्हणता आलं, बघा, बायकोला नाही.

सूनबाई उदगीरकडची. इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. तोवर तिचं माझं बोलणं म्हणजे चहा, पाणी, गोळी घेतली का. सासरा आणि सून, दोघांत जेवढं अंतर असतं तेवढं होतं.

तर ती सुट्टीची सकाळ. पोरगा रानाकडं गेला होता. मी स्वयंपाकघराच्या दारात पाटावर चहा पीत बसलो होतो. गॅसवर डाळ होती. गॅसचा जाळ निळा असतो, मला तो जाळच वाटत नाही, दूध तापवायचं खेळणं वाटतं. सूनबाई आत तांदूळ घ्यायला गेली, आणि डाळ फुगून भांड्यावरनं खाली आली.

भस्सकन जाळ पिवळा झाला. तोच पिवळा. एकरंगी, टोचणारा.

माझ्या हातातली कपबशी खाली पडली. मी उठून भिंतीला टेकलो. सूनबाई धावत आली, गॅस बारीक केला.

"मामा, काय झालं? भाजलं का?"

मी शेगडीकडं बोट केलं.

"डाळ उतू गेली वो. काय न्हाई. बसा तुम्ही."

"जाळ बघितलीस का?"

"व्हय, पिवळा झाला. मीठ घातलंय ना डाळीत आधीच, म्हणून."

मी म्हणालो, "काय म्हणलीस?"

"मिठाचं पाणी जाळावर पडलं की पिवळा होतो. रोज होतंय, मामा. तुम्ही कधी इथं बसत न्हाई म्हणून दिसलं नसंल."

मी खाली बसलो. आणि मग जे सात महिने कुणाला सांगितलं नव्हतं ते मी त्या सुनेला सांगितलं, फुटलेल्या बशीचे तुकडे समोर पडलेले असताना. गाठोडं, टॉवेल, पाय, तडतड, काळं पागोटं, सगळं.

ती हसली नाही. हे मी विसरणार नाही. ती उठली, मिठाचा डबा घेतला, चमच्याच्या टोकावर थोडं मीठ घेऊन पाण्यात ओलं केलं आणि निळ्या जाळात धरलं. पिवळा. काढलं. निळा. धरलं. पिवळा.

"तुम्ही धरा," म्हणाली.

मी धरलं. वीस वेळा धरलं असंल. दर वेळी मी जरा हलका व्हायचो. मग तिनं खिडकी लावून घेतली, दार लोटलं, आणि माझ्या फेट्याचं लाल कापड आणून त्या जाळाशेजारी धरलं. काळं दिसत होतं.

"ह्या जाळात लाल उजेडच न्हाई, मामा. लाल न्हाई तर लाल कापडावरनं काय परतणार? म्हणून काळं. आत्याच्या सरणाच्या वेळी तसंच झालं असणार."

"म्हणजे तिचं काय न्हाई त्यात?"

"आत्याचं काय असणार? तुम्ही घातलेलं मीठ हाय ते."

मी म्हणालो, "पक्कं का? का म्हाताऱ्याची समजूत काढायलीस?"

ह्यावर तिला राग आला. शाळेतल्या बाईचा राग. आतनं एक जुनी गाण्याची सीडी आणली, त्यावर खिडकीच्या फटीतलं ऊन पाडलं. लाल ते जांभळ्यापर्यंत सगळे रंग पट्टा धरून उभे. मग तीच सीडी मिठाच्या जाळापुढं धरली. पिवळा तेवढा भडक, बाकी बघायला गेलं तर नाहीच्या बरोबर.

"प्रत्येक पदार्थाचा असा ठरलेला रंग असतो. मिठात सोडियम म्हणून एक धातू असतो, त्याचा हा. तांब्याचा हिरवा."

"ते मला म्हाईत हाय," मी म्हणालो. "वायरची चोरी मी त्यानंच धरली होती."

"मग तुम्हाला अर्धं येतंय. आता हे बघा." तिनं पुस्तक उघडलं. त्यात उन्हाच्या रंगांचा लांब पट्टा होता, आणि त्या पट्ट्यावर बारीक काळ्या रेघा. एका पिवळ्या जागेवर तिनं बोट ठेवलं. "ही रेघ बरोबर मिठाच्या पिवळ्याच्या जागी हाय. सूर्यात आतून सगळ्या रंगांचा उजेड निघतो. वरच्या थराला ताप जरा कमी. त्या थरातला सोडियम तेवढा आपला पिवळा गिळतो. म्हणून तिथं काळं."

मी बराच वेळ त्या रेघेकडं बघत बसलो. जे पेटल्यावर पिवळं देतं, तेच आडवं आलं तर पिवळं खातं. हे मला एकदम पटलं नाही. अजूनही अर्धंच पटलंय. पण रेघ तिथं आहे, तिला मी काय करू?

"म्हणजे सूर्यात मीठ हाय?"

"मीठ न्हाई, मामा. मिठातलं जे पिवळं पेटतं ते हाय. तेही चवीपुरतं. सूर्य बहुतेक सगळा हायड्रोजन. पाण्यात असतोय ना, तो वायू. त्याच्या खालोखाल हेलियम. लोखंड, सोडियम, बाकी सगळं मिळून चिमूटभर."

"कोण गेलं होतं तिथं चव बघायला?"

"कुणीच न्हाई. जाळ बघून सांगितलं. तुम्ही खड्ड्यात बसून सांगत होता तसंच. हेलियम तर आधी सूर्याच्या उजेडात सापडला, लोकांना ती रेघ कशाचीच वाटेना. इथं जमिनीवर तो मागनं सापडला."

मला बरं वाटलं. लोकांनाही एखादी रेघ कळली नव्हती तर. एकट्या मलाच नाही.

मग माझ्या मनात धंद्याची गोष्ट आली. "एवढं रोज जळायलंय तर चिपाडं कोण सारतंय?"

आता ती हसली. "तो जळतच न्हाई तसा. त्याचं वजनच एवढं की मध्यात दाब पडून हायड्रोजनचा हेलियम होतो, त्यात ताप निघतो. सारणारा कुणी लागत न्हाई."

"आणि चांदण्या?"

"त्याच मालाच्या. कुणी लहान, कुणी मोठी. लालसर दिसते ती थंड, पांढरी-निळी ती जास्त गरम."

"हे बी मला म्हाईत हाय," मी म्हणालो. लाल जाळ थंड असतो हे वर सुद्धा तसंच आहे म्हणजे.

मग ती म्हणाली, "रस्त्यावर पूर्वी पिवळे दिवे असायचे बघा, ते सोडियमचेच. आता सगळीकडं पांढरे आले."

आणि मला एकदम आठवलं.

आम्ही दोघं तरणे होतो. एका साली गुऱ्हाळ बंद राहिलं, तो हंगाम मी दुसऱ्याच्या गाडीवर ऊस वाहिला. साखर कारखान्याच्या फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग लागायची, दिवसच्या दिवस. ती भाकरी घेऊन आली होती. दिवेलागण झाली आणि खांबावरचे मोठे पिवळे दिवे लागले. तिनं भाकरीच्या डब्याच्या झाकणात तोंड बघितलं आणि दचकली. "ओ, माझं कुंकू काळं पडलंय!" तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. बाईमाणसाला ते वाईट वाटतंय. मी तिचा हात धरून, सगळ्या गाडीवाल्यांच्या देखत, तिला पलीकडच्या चहाच्या टपरीवर नेलं. तिथं साधा बल्ब होता. म्हणालो, "आता बघ." कुंकू लाल. "तुझं कुंकू काळं न्हाई. दिवाच तसला हाय." ती हसली. परत पिवळ्याखाली आली, काळं. टपरीवर गेली, लाल. असं दोन-चार वेळा केलं. गाडीवाले म्हणायला लागले, वहिनी काय चालवलंय. मी तिला ओरडलो, गप बस आता म्हणून.

मला हे माहीत होतं हो. मीच तिला सांगितलं होतं. आणि ओढ्याच्या काठावर, तेच काळं कुंकू बघून, मी घाबरून म्हणालो, मला काय ठावं.

त्या दिवशी मी उतू गेलेलीच डाळ दोनदा मागून खाल्ली. मग खोलीत जाऊन रडलो. सात महिन्यांत रडू आलं नव्हतं. भ्यालेल्या माणसाला रडायला येत नाही, हे मला तेव्हा समजलं.

पण काम अर्धंच झालं होतं. अक्का अजून अळणी खात होती. माझ्यापायी. पुढच्याच गुरुवारी ती गाणगापूरचं ठरवायला भालकीला आली. पोरगाही घरी होता. मी म्हणालो, "अक्का, आधी स्वयंपाकघरात या." तिला पाटावर बसवलं, खिडकी लावली आणि चमच्यानं मीठ जाळात धरलं.

तिनं बघितलं. तोंडावर हात ठेवला. ओळखलं तिनं. मग हात काढला आणि म्हणाली, "तसलाच हाय. पण पावनं, इथं तुम्ही मीठ घातलाव. तिथं सरणावर मीठ कुठनं आलं?"

पोरगा दारात उभा होता. सूनबाई माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "मी घातलो होतो. टॉवेलात बांधून, पायाशी. मातीत मीठ देतोत, मग तिला बिगरमिठाची कशी पाठवू म्हणून. तुम्ही म्हणलाव जीव अडकलाय, तवा मी गप बसलो."

मला वाटलं आता ही म्हातारी मला चमच्यानंच हाणणार.

"टॉवेल," अक्का म्हणाली. "मी म्हणलं, एवढे लोक हायत, ह्या माणसाच्या डोक्यावर टॉवेल कामून न्हाई. मी तवाच बघितलं होतं. म्हणलं दुःखात पडला असंल कुठं." मग तिचा आवाज चढला. "अवो येडे का खुळे तुम्ही? सात महिने! सात महिने दर गुरुवारी मी गवत खायलेय! तोंडानं सांगाय काय झालतं? जन्मभर नको ते फटाफट बोललाव, आणि बोलायचं तवा दातखीळ बसली व्हय?"

"व्हय," मी म्हणालो.

पोरगा म्हणाला, "अप्पा, मला तरी सांगायचं." त्याचे डोळे भरले होते. मी म्हणालो, "तू बी मान हलवलास, मी बी हलवलो. आपल्या दोघांत कुणी कुणाला सांगायचं?"

अक्काला अजून पूर्ण पटलं नव्हतं, ते तोंडावर दिसत होतं. मग मी तिला कारखान्याच्या फाटकाची गोष्ट सांगायला घेतली. अर्ध्यात तिनं मला थांबवलं.

"चहाच्या टपरीवर नेलाव तिला. हात धरून."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिनंच. माहेराला आली की सांगायची. धा वेळा सांगितली असंल. म्हणायची, अक्का, त्या दिवशी माझ्या मालकानं समद्यांसमोर माझा हात धरला." अक्का पदरानं डोळे पुसत हसली. "म्हणायची, एवढं एकदा केलं बघ, पुरलं मला."

मी भिंतीकडं बघत बसलो.

तिच्या इच्छा राहिल्याच असतील. हंडा राहिला, गाणगापूर राहिलं, ते मी पुसू शकत नाही. पण तो जाळ त्यांचा नव्हता. तो मिठाचा होता, आणि मीठ माझ्या हातचं होतं. आणि सूर्यातसुद्धा तेच चवीपुरतं आहे म्हणतात.

सूनबाईनं पानं वाढली. अक्काला गुरुवारचं म्हणून बिनमिठाची भाकरी आणि वेगळी काढलेली अळणी आमटी. अक्कानं वाटीकडं बघितलं, मग सुनेकडं.

"मीठ दे गं," म्हणाली.

सूनबाईनं डबा पुढं केला. अक्कानं दोन बोटांनी घेतलं, आमटीत घातलं, ढवळलं, घास खाल्ला. डोळे मिटून चावला. "गाणगापूरला जाऊ," म्हणाली, "पण तिला जायचं होतं म्हणून जाऊ. सोडवायला न्हाई."

"जाऊ," मी म्हणालो. आणि सुनेला म्हणालो, "आज आमटी चांगली झालीय."

"अजून खाल्ली कुठं तुम्ही?" अक्का म्हणाली. "आधी खावा, मग बोला."

मी खाल्ली. चांगली झाली होती.